मुरलीधराचा लोकरी अंगरखा

कार्तिक शुद्ध त्रयोदशी

श्रीमुरलीधराच्या चरणी मस्तक ठेवून आजपासून हे लेखन आरंभितो. शहात्तराव्या वर्षी मनुष्याने नवा उद्योग अंगावर घेऊ नये, असे व्यवहार सांगतो. परंतु आज सकाळी माझ्या मुखातून जे शब्द निघाले ते परत घेणे आता शक्य नाही.

घडले ते असे. आमच्या आळीतील मुरलीधराचा पुजारी हरी तुळशीविवाहाचा प्रसाद घेऊन आला होता. धनुर्मासात पहाटेच्या थंडीसाठी देवाला लोकरी अंगरखा घालण्याची आमच्या मंदिराची प्रथा आहे, आणि माझी पत्नी प्रमोदिनी लग्न होऊन वाईस आली त्या वर्षापासून तो दरसाल नवा विणून देते. यंदा श्रावणात तिला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पाय पुष्कळसा सुधारला, वाणीही अडखळत का होईना परत आली. उजवा हात मात्र मांडीवर ठेवलेल्या परक्या वस्तूसारखा पडून असतो. हरी संकोचून म्हणाला, "काकूंना आता कशाला त्रास? विश्वस्तांनी पुण्याहून मखमलीचा तयार मागवायचं ठरवलंय."

प्रमोदिनीने भिंतीकडे तोंड फिरविले.

"मखमल नको," मी म्हणालो. "अंगरखा आमच्याच घरून येईल."

"विणणार कोण?"

"मी."

हरी हसला, मी हसत नाही हे पाहून गंभीर झाला. सूनबाई श्रद्धा हातातल्या पळीसकट स्वयंपाकघरातून बाहेर आली. आणि प्रमोदिनीने मान वळवून माझ्याकडे पाहिले. पायरीवरून घसरलेला मनुष्य आता ओरडतो की उठतो, हे पाहावे तसे.

कार्तिक शुद्ध चतुर्दशी

शास्त्र माझ्या बाजूस आहे! सकाळभर पोथ्या चाळल्या. यजमान असमर्थ झाल्यास व्रत प्रतिनिधीकडून पुरे करविता येते, आणि पत्नीच्या व्रतास पती हा प्रतिनिधी ग्राह्य आहे. फळ मात्र यजमानाचेच. हे प्रमोदिनीला मोठ्याने वाचून दाखविले.

ती म्हणाली, "फळाचं... राहू द्या. सुया... कुठं आहेत तुमच्या?"

सुया नव्हत्याच. तिच्या जुन्या सुयांना तिने हात लावू दिला नाही. तेव्हा बाजारात आबेदाच्या दुकानी गेलो. लोकर, बटणे, नाड्या यांचे तिचे दुकान. प्रमोदिनी तिची जुनी गिऱ्हाईक. मीच विणणार असे ऐकताच ती गल्ल्यावरून उठून उभी राहिली.

"आवं शास्त्रीकाका, पोथीची पानं उलटायचं हात हे! बरं, दहा नंबरच्या घ्या. जाड सुया घेतल्या तर देवाचा अंगरखा न्हाई, मासं धरायचं जाळं हुईल. आन् काकू न्हेत्यात ती पिवळी लोकर देती. मऊ हाय, चुकलं तरी उसवायला सोपी."

मी तिला समजावून सांगितले की, कापून शिवलेले वस्त्र सोवळ्यात चालत नाही. परंतु विणलेल्या वस्त्रात एकच धागा स्वतःशीच गुंफला जातो, कात्री नाही, टाचणे नाही. शिवाय लोकर ही शास्त्राने सदैव शुद्ध मानली आहे. म्हणजे असा अंगरखा सोवळ्याहून सोवळा! आबेदा म्हणाली, "व्हय की. पर आधी टाकं घालाय तरी शिका."

कार्तिक वद्य द्वितीया

टाके घालता आले! दोन दिवस अंगठा, तर्जनी आणि धागा यांच्यात जो कलह चालू होता तो आज मिटला. सुलट टाका म्हणजे सुई पुढून शिरते. उलट टाका म्हणजे धागा पुढे घेऊन सुई मागून येते. एक ओळ सुलट, एक उलट असे केले की एका अंगाने वेलीची पाने दिसतात आणि दुसऱ्या अंगाने पाण्याच्या लाटा. एकाच वस्तूची ही दोन रूपे पाहून मी इतका हर्षभरित झालो की संध्येची वेळ टळता टळता राहिली.

मात्र माझे कापड वर रुंद होत चालले आहे. टाके आपोआप वाढतात. प्रमोदिनी म्हणाली, "कडेचा टाका... दोनदा विणता. तो पहिला... नुसता उचलायचा. विणायचा नाही." हे तिचे पहिले सूत्र. कड सरळ, वेणीसारखी येते.

मग तिने डाव्या हाताने माझी सुई काढून घेतली आणि धाग्याचे टोक आपल्याच उजव्या हातात दिले, उसविण्यासाठी. धागा बोटांतून निसटून खाली पडला. पुन्हा दिले, पुन्हा पडला. मी म्हणालो, "राहू दे, मी उसवतो." तिने असे पाहिले की मी धागा तिच्याच हाती सोडला. सबंध दुपार चार ओळी उसविण्यात गेली.

कार्तिक वद्य पंचमी

सर्व उसविले. खिन्न.

श्रद्धाने सायंकाळी मला गाठले. ती साताऱ्यास बँकेत जाते, बोलावयास वेळ कमी. म्हणाली, "बाबा, फिजिओथेरपीच्या बाई आज पुन्हा म्हणाल्या. या हिवाळ्यात आईंनी हात वापरला नाही, तर बोटं आखडतील ती कायमचीच. आणि आई तो रबरी चेंडू हातात धरायलाच तयार नाहीत. तुम्ही तरी सांगा ना."

सांगितले. प्रमोदिनीने चेंडू खाटेखाली भिरकावला. "मी काय... कुत्रं आहे... चेंडूनं खेळायला?"

फार वाईट वाटले. पण हट्टापुढे शास्त्रही थकते. असो. पाठीच्या भागासाठी किती टाके घालावेत याचा विचार चालू आहे.

कार्तिक वद्य अष्टमी

आज रचनेचा उलगडा झाला. मूर्तीचे हात मुरलीसकट एकाच पाषाणात कोरलेले. बाही घालणार कशी? प्रमोदिनीने सांगितले ते अद्भुत आहे. अंगरखा पुढून अंगाशी धरायचा, हातांसाठी दोन उभ्या फटी विणतानाच सोडायच्या आणि मागे विणलेल्या नाड्यांनी बांधायचा. एवढी वर्षे मी समोरून दर्शन घेत आलो. देवाच्या पाठीशी काय आहे ते मला ठाऊकच नव्हते.

आणखी सूत्रे. फट कोठे सुरू होते ते विसरू नये म्हणून सुईवर निराळ्या रंगाच्या दोऱ्याचा फास अडकवावा. लोकरीचा गुंडा वाटीत न ठेवता तोटीच्या जुन्या किटलीत ठेवून धागा तोटीतून काढावा, घरभर पळत नाही. टाका गळाला तर घाबरू नये, आधी त्यात काडेपेटीची काडी खोवावी; तो तिथेच थांबतो. ही काडीची युक्ती तर जीवनातही उपयोगी पडावी!

पण एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. आज मी सहा ओळी निर्दोष विणल्या. तीनदा तपासल्या. तरीही प्रमोदिनीने हात पुढे केला. "चुकलंय." "कुठे?" "आहे. द्या." आणि सहाही उसविल्या. मला तर त्यांत तिळमात्र दोष दिसला नव्हता. धागा तिने तर्जनीभोवती गुंडाळून ओढला, त्यामुळे आता निसटत नाही. पण माझे श्रम वाया जातात त्याचे काय?

कार्तिक वद्य एकादशी

अनर्थ!

पूजेच्या वेळी विणकाम जवळच ठेवले होते. धुपाटण्यातील निखाऱ्याचा कण उडून त्यावर पडला. लोकर जळावी तशी जळली नाही, वितळली. त्या जागी काळा, कडक मणी झाला, काचेच्या मण्यासारखा. मी चकित होऊन एक धागा तोडून ज्योतीवर धरला. तोच प्रकार. मग माझ्या सोवळ्याच्या जुन्या लोकरी धाबळीचा एक धागा काढून धरला: केस जळाल्याचा वास आला, आणि चिमटीत धरताच त्याची राख झाली. कोणीही ही परीक्षा करून पाहावी. खरी लोकर राख होते. खोटी मणी होते.

तडक आबेदाकडे गेलो. ती म्हणाली, "आवं काका, ते ॲक्रिलिक हाय. कारखान्यातलं. मेंढरांचं पायजे असं तुमी कुठं म्हणला? मला वाटलं, तुमाला ठावं असंल."

मेंढीशिवाय इतके मऊ काही निर्माण होऊ शकते, हे मला सुचलेच नाही! म्हणजे माझे सारे सोवळे कारखान्यात वितळले. घरी येऊन अपराधी मुखाने प्रमोदिनीला सांगितले. ती तर हसू लागली. झटक्यानंतर प्रथमच हसली. हसू एका बाजूने थोडे तिरके येते.

"दरसाल... तेच विणते मी. देव... आजारी पडला का?"

मी म्हणालो, "आता कळल्यावर चालणार नाही. खरी लोकर आणतो. पुन्हा पहिल्यापासून."

मला वाटले, ती वेळेचे कारण सांगून अडवील. पण तिचे डोळे चमकले. "हो. हे सगळं... उसवायचं. मी उसवते." धर्माविषयी तिची ही निष्ठा पाहून मला भरून आले.

कार्तिक वद्य त्रयोदशी

वडूजला जाऊन आलो. आबेदाच्या मावसबहिणीने पत्ता दिला होता. एसटीने सातारा, तिथून वडूज, पुढे थोडे पायी. माळावर मेंढ्यांचा वाडा, आणि दारात हरणाबाई सूत कातीत बसलेली. साठीची धनगरीण, कपाळभर भंडारा. हातातला पिंजलेल्या लोकरीचा पेळू तिच्या बोटांतून धागा होऊन निघत होता, आणि ती त्याकडे पाहतही नव्हती. माझ्या धोतराकडे पाहत होती.

"कुनासाठी पायजे, आजोबा?"

"देवासाठी. मी विणणार आहे."

मला वाटले, ही तरी हसेल. ती म्हणाली, "मंग? आमच्यात बी बायकांनी सूत कातायचं न् बापयांनी घोंगडं इणायचं. त्यात काय हसायचं? पर ही लोकर लय टोचती बगा."

"देवाला टोचेल का?"

"देव दगडाचा हाय! त्याला कुठं टोचतंय? टोचंल ते तुमाला. हात लय मऊ हायत तुमचं."

मी मोठ्याने हसलो, तीही हसली. पांढरी लोकर थोडीच असते. तिने निवडून निवडून लड्या दिल्या. "ऊन पान्यातनं एकदम गार पान्यात घालू नगा. आन् चोळू नगा. न्हाईतर आटून हाताएवढी हुईल." परतीच्या एसटीत माझ्या पिशवीला मेंढीचा असा वास येत होता की शेजारचा गृहस्थ उठून मागे गेला. मी मात्र राजासारखा बसलो होतो.

मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया

दोन दिवस माझे घर म्हणजे रंगाऱ्याची भट्टी झाले आहे. रिठे रात्रभर भिजवून, कोमट पाण्यात फेस करून लड्या नुसत्या बुडवून ठेवल्या. न चोळता सगळी मेणचट घाण सुटली. पुढे पिवळा रंग. हरीने मंदिरातले वाळलेले झेंडूचे हार आणून दिले. मी परत पाठविले. निर्माल्य पुन्हा देवाच्या अंगावर कसे घालणार? बाजारातून ताजी फुले आणली. पाकळ्या उकळून, गाळून, त्या पाण्यात तुरटी विरघळविली आणि लड्या मंद आचेवर ठेवल्या. त्याच पाण्यात निवू दिल्या. सावलीत वाळविल्या.

काय तो रंग! हळदीसारखा भडक नाही, कार्तिकातल्या उन्हासारखा. श्रद्धा बँकेतून आली ती दारातच थांबली. "बाबा, माझ्या चहाच्या पातेल्यात?" मी म्हणालो, "आता ते पातेले धन्य झाले." तिने नवे पातेले आणले.

मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी

आता हात बसला आहे. गळा झाला, फटी सुटल्या. सुयांचा तो टकटक आवाज आणि नामस्मरण यांची एक लय लागते आणि मध्यान्ह कधी होते ते कळत नाही. बोटांना टोचते, त्यावर रात्री खोबरेल लावतो.

तरीही प्रमोदिनीचे उसविणे थांबत नाही. प्रत्येक दिवशी निम्मे काम परत धागा होते, आणि आता ती ते इतक्या भराभर करते की मला अडवावयासही अवसर मिळत नाही. उसविलेला वाकडा धागा ती स्वतः चौरंगाच्या पायांभोवती गुंडाळून लडी करते. मी ती उकळत्या किटलीच्या वाफेवर धरतो, धागा पुन्हा सरळ होतो. हेही एक सूत्र.

आज आबेदा प्रमोदिनीला भेटण्यास आली. मी तक्रार मांडली. ती थोडा वेळ उसविणाऱ्या हाताकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे. मग प्रमोदिनीकडे.

"काकू, लय चुकतंय का वो काकांचं?"

"फार," प्रमोदिनी म्हणाली.

"चुकू द्या, चुकू द्या!" आणि दोघी पदर तोंडाशी धरून हसत सुटल्या. शिष्याच्या चुकांवर असे हसणे गुरूला शोभत नाही. मी उठून देवघरात गेलो.

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी

आज आमचे भांडण झाले. धनुर्मास तोंडावर आला. पौर्णिमेला मला दत्तजन्माच्या प्रवचनासाठी उंब्रजला जावयाचे आहे. शब्द दिलेला आहे. मी स्पष्ट सांगितले, "आता उसविणे बंद. नाहीतर मखमल येईल."

विणकाम मी कपाटात ठेवले. प्रमोदिनी उपवासाचेही खाईना. श्रद्धाने विचारले तर म्हणाली, "मग मी... दिवसभर काय करू?"

मी पिवळ्या ॲक्रिलिकचा जुना गुंडा तिच्यापुढे ठेवला. "हा उसव, हवा तितका."

"हा नको. खरं पाहिजे."

शेवटी तह झाला: माझ्या प्रत्येक चार ओळींमागे एक ओळ तिची. एक ओळ ती उसवील. मी मोजून पाहीन. तिने तह मान्य केला आणि संध्याकाळच्या आत मोडला.

दत्तजयंती, सायंकाळ

काय लिहू?

सकाळी उंब्रजला निघालो तेव्हा अंगरखा खालच्या काठापर्यंत आला होता. काठ विणणे आणि टाके बंद करणे शिल्लक होते. रात्री बसून पुरे करावे असे योजून सुया तशाच ठेवून गेलो. प्रवचन उत्तम झाले. परतताना सातारा स्थानकावर श्रद्धा भेटली. दोघे एकाच गाडीने आलो. आत जाऊन पाहतो, तर चौरंगावर अंगरखा पूर्ण! काठ विणलेला, टाके बंद, धाग्याचे शेपूट आत खोवलेले, सुया बाजूला!

दार लोटलेले होते. घरी प्रमोदिनीशिवाय कोणीही नव्हते, आणि ती बिचारी भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती.

भक्ताचे अपुरे काम देवाने येऊन पुरे केल्याच्या कथा मी पन्नास वर्षे लोकांना सांगत आलो. आज माझ्याच घरी! मी चौरंगापुढे दंडवत घातला. काठाच्या ओळी थोड्या सैल आहेत, एका अंगाला उतरत्या. परंतु विणणारा तो स्वतः त्रिभंगी उभा राहतो. त्याच्या हातच्या वस्त्राला किंचित वक्रता येणारच!

श्रद्धाला दाखविले. ती अंगरख्याकडे पाहून एकदम रडू लागली. भक्तीचा उदय असाच होतो.

मार्गशीर्ष वद्य प्रतिपदा, धनुर्मासारंभ

पहाटे स्नान करून अंगरखा ताम्हनात ठेवीत होतो. प्रमोदिनी खाटेवर उठून बसली आणि म्हणाली, "तो काठ उसवा."

"अगं, काय बोलतेस! साक्षात देवाने विणलेला..."

"कुठला देव? दिवसभर मी घाम गाळला. चारदा सुई पडली. पडलेली सुई... पायानं ओढून घेतली. आणि नाव त्याचं?"

मी खाली बसलो. तिने हात पुढे केला, उजवा, आणि बोटे मिटून पुन्हा उघडून दाखविली. श्रद्धा दारात उभी होती. तिला कालच कळले होते.

"वाकडा आलाय," प्रमोदिनी म्हणाली. "अजून काकडआरतीला वेळ आहे. तुम्ही नीट विणा. देवाला असं... देऊ नये."

ती म्हणते ते शास्त्रसंमत होते. व्यंग असलेली वस्तू अर्पू नये, असे मीच शेकडो वेळा सांगितले आहे. सबंध महिना माझी निर्दोष वीण तिने उसविली आणि मी उसवू दिली. आज मी ताम्हन छातीशी धरले आणि म्हणालो, "हे मी उसवणार नाही."

"अहो, लोक हसतील."

"हसू देत."

"हट्ट करू नका."

"करणार."

श्रद्धा म्हणाली, "आई, बाबा, भांडत भांडत चला, पण चला." निघालो.

हरीने अंगरखा देवाच्या अंगाशी धरला, फटींतून हात आणि मुरली बाहेर घेतली, मागे नाड्या बांधल्या. समईच्या उजेडात झेंडूचा पिवळा रंग उजळला. हरी म्हणाला, "शास्त्रीबुवा, विश्वस्तांनी हाताशी असावी म्हणून मागवलेली मखमल परत पाठवतो आजच." डावीकडचा काठ उजवीकडपेक्षा बोटभर खाली लोंबत होता. आरतीभर सर्वांनी देवाच्या मुखाकडे पाहिले. प्रमोदिनीने फक्त त्या काठाकडे.

प्रसाद घेताना तिने हरीला हाक मारलीच. "हरी, डावीकडून वर ओढ. अजून. अजून थोडा."

"काकू, ओढला तर फाटेल हो."

"मग राहू दे. पण समई... उजवीकडं सरकव."

समई उजवीकडे गेली, डावा काठ अंधारात गेला, तेव्हा कुठे तिने हात जोडले.

घरी परतताना अजून उजाडले नव्हते. मी तिच्या उजव्या बाजूने चाललो होतो आणि तिने माझा दंड धरला होता. नदीवरून वारा आला तशी तिची पकड घट्ट झाली. "दुखतं का?" तिने विचारले. मी नाही म्हणालो. आता सदरा काढून पाहतो, तर दंडावर तिच्या चारही बोटांच्या खुणा स्पष्ट उमटल्या आहेत. त्या पुसट होण्यापूर्वी हे लिहून ठेवले.